प्लॉट विकण्याआधी बर्फाचे तास मोजा

मानेवाड्याला राहणाऱ्या एका वडिलांचा प्रश्न आहे. मुलगा १३ वर्षांचा, सहाव्या वर्षापासून चाकांच्या स्केट्सवर आहे आणि इनलाइन हॉकीत राज्य स्पर्धेपर्यंत गेला आहे. मोबाइलवर एनएचएलचे, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या आइस हॉकी लीगचे, सामने बघून त्याने ठरवलंय की आपल्याला आइस हॉकीचा व्यावसायिक खेळाडू व्हायचंय. ओळखीतल्या एकाने कॅनडातली निवासी अकादमी सुचवली. खर्च सांगितला वर्षाला ५० हजार कॅनेडियन डॉलर, म्हणजे आपले तीस लाखांच्या वर. बेसा रोडवरचा प्लॉट विकायचा का, असं त्यांनी विचारलंय. शेवटी लिहिलंय, "पोरगं ऐकूनच नाही राहिलं सर, खरं काय ते सांगा."

भाऊ, प्लॉट यंदा विकू नका. पोराला नाहीही म्हणू नका. दोन्ही का म्हणतोय ते नीट सांगतो, त्यामुळे उत्तर लांबेल.

मी २२ वर्षांपासून नागपुरात इनलाइन हॉकी शिकवतो. बर्फावर पहिल्यांदा उभा राहिलो तो २६व्या वर्षी, लेहला. पुढे महाराष्ट्राकडून राष्ट्रीय स्पर्धा खेळलो. मध्ये दोन हिवाळे कॅनडात ब्रॅम्प्टनच्या एका रिंकवर काम केलं. सकाळी स्केट्सना धार लावायची, संध्याकाळी लहान मुलांना शिकवायचं. व्यावसायिक खेळाडू मी कधीच नव्हतो. पण ज्या वयात तो घडायला लागतो, ती मुलं रोज पहाटे साडेपाचला वडिलांच्या गाडीतून झोपाळलेल्या डोळ्यांनी उतरताना मी पाहिली आहेत. तिथे मला जे कळलं ते एका आकड्यात सांगता येतं, आणि तो आकडा आहे बर्फावर काढलेल्या तासांचा.

ब्रॅम्प्टनमधला बारा वर्षांचा, जरा बऱ्या संघातला मुलगा सप्टेंबर ते मार्च आठवड्याला चार-पाच तास बर्फावर असतो. वर्षाचे झाले साधारण १३० ते १५० तास. उन्हाळी शिबिरं धरली की आणखी. हे तो पाचव्या-सहाव्या वर्षापासून करत आलेला असतो. तेराव्या वर्षी त्याच्या खात्यावर हजार तास जमा असतात. तुमच्या मुलाच्या खात्यावर किती आहेत? तुम्ही लिहिलंय, गुरुग्रामच्या मॉलमधल्या रिंकवर दोनदा गेला होता. म्हणजे तीन-चार तास. गुणवत्तेची चर्चा मला इथे करायचीच नाही. ती असेल, कदाचित भरपूर असेल. पण हजार विरुद्ध चार अशी ही शर्यत आहे, आणि समोरचा थांबलेला नाही.

"पण तो स्केटिंग तर लहानपणापासून करतोय ना," असं तुम्हाला वाटेल. सगळ्याच पालकांना वाटतं, आणि ते अर्धं खरं आहे. इनलाइनचा फायदा नक्की होतो. तोल, गुडघे वाकवून बसकण, मागे जाणं, डोकं वर ठेवून स्टिक चालवणं, जागा ओळखणं, हे सगळं बर्फावर सोबत येतं. पण फरक जिथे आहे तिथे मोठा आहे. चाक जमिनीला धरून ठेवतं. बर्फाच्या स्केटचं पातं जेमतेम तीन मिलिमीटर जाड असतं, त्याच्या मधोमध धार लावताना पन्हाळ काढलेली असते, आणि तिच्या दोन्ही बाजूंना एकेक कड राहते. आतली आणि बाहेरची. आइस हॉकीचा खेळाडू सगळा वेळ या चार कडांवर जगतो. वळायचं कडेवर, वेग घ्यायचा कडेवर, आणि थांबायचं तर दोन्ही पाती आडवी करून बर्फ खरवडत थांबायचं. चाकांवर असं थांबता येत नाही, म्हणून आपली मुलं ते शिकलेलीच नसतात.

माझ्या पहिल्या तुकडीला मी लेहला घेऊन गेलो तेव्हा काय झालं ते अजून डोळ्यांसमोर आहे. सहा मुलं, सगळी आपापल्या गटातली वेगवान. शिट्टी वाजली आणि सुसाट सुटली. लडाखची पोरं कौतुकाने बघत होती. आणि मग एकामागून एक सहाही जण रिंकभोवतीच्या फळ्यांवर जाऊन आदळली, कारण थांबता एकालाही येत नव्हतं. माझा सगळ्यात चांगला खेळाडू संध्याकाळी खोलीत रडला. म्हणाला, "सर, मले काहीच नाही येत." त्याला सात वर्षांचं स्केटिंग येत होतं, त्यातल्या काही सवयी फक्त मोडायच्या होत्या. आठव्या दिवशी तो दोन्ही बाजूंनी थांबायला लागला. शरीर ताठ ठेवायची चाकांवरची सवय जायला मात्र पुढचा हिवाळा लागला.

खेळही वेगळा आहे. इनलाइनमध्ये गोलकीपर सोडून चार जण, आइस हॉकीत पाच. इनलाइनमध्ये अंगावर धडक द्यायची नाही, आइस हॉकीत बॉडी चेक हा खेळाचाच भाग. बर्फावरचा पक, म्हणजे चेंडूच्या जागची चपटी चकती, रबराचा, तीन इंच व्यासाचा, १५६ ते १७० ग्रॅमचा. तो ताशी दीडशे किलोमीटरने अंगावर येतो तेव्हा चाकांवरच्या हलक्या पकची सवय कामाला येत नाही.

धडकेचा मुद्दा मी मुद्दाम इथे थांबून सांगतो, कारण तुमच्या मुलाचं वय नेमकं तेच आहे. अमेरिकेत २०११ पासून आणि पुढे कॅनडातही, मुलांच्या सामन्यांत बॉडी चेकला परवानगी १३-१४च्या गटापासून दिली जाते. तिथली मुलं त्याआधी दोन वर्षं फळीजवळ धक्का कसा घ्यायचा, मान कशी धरायची, पाठ उघडी कधी टाकायची नाही, हे शिकतात. हे न शिकलेला मुलगा १४व्या वर्षी थेट त्या गटात उतरला, तर पहिल्या महिन्यातच डोक्याला मार बसायची भीती मला वाटते. मेंदूला बसलेला हादरा प्लास्टरमध्ये घालता येत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या शेफिल्डला अॅडम जॉन्सन या व्यावसायिक खेळाडूच्या मानेला दुसऱ्याच्या स्केटचं पातं लागलं आणि तो गेला. त्यानंतर आंतरराष्ट्रीय महासंघाने आपल्या सगळ्या स्पर्धांमध्ये मानेचं संरक्षक सक्तीचं केलं. माझ्याकडे बर्फावर जाणाऱ्या प्रत्येक मुलाला मी ते घालायला लावतो. सरावालासुद्धा.

आता ज्या स्वप्नाबद्दल बोलतोय ते जवळून कसं दिसतं ते बघू. एनएचएलमध्ये ३२ संघ, एका संघात जास्तीत जास्त २३ खेळाडू. म्हणजे जगभरातून ७३६ जागा. दरवर्षी ड्राफ्टमध्ये सात फेऱ्यांत २२४ मुलं निवडली जातात, बहुतेक १८-१९ वर्षांची, आणि त्यातली कित्येक एनएचएलचा एकही सामना खेळत नाहीत. वर पोचला तर पैसा मोठा आहे. २०२५-२६च्या हंगामात किमान पगारच ७,७५,००० अमेरिकन डॉलर. पण त्या जागांच्या खाली एएचएल, त्याच्या खाली ईसीएचएल, आणि तिथे आठवड्याच्या हिशोबाने पगार घेऊन, संघाने दिलेल्या घरात दोघा-तिघांनी राहून, बसने रात्रभर प्रवास करणारे खेळाडू आहेत. तेही व्यावसायिकच. स्वीडन, फिनलंड, स्वित्झर्लंड, जर्मनी इथल्या लीगमध्ये चांगली कमाई होते, आणि जपानसारख्या देशातही या खेळावर घर चालवणारे लोक आहेत. पोराला हा सगळा जिना दाखवा. मोबाइलवर त्याला फक्त शेवटची पायरी दिसते.

त्या शेवटच्या पायरीवरचं रोजचं जगणंही सांगा. ऐंशीहून जास्त सामन्यांचा हंगाम, ऑक्टोबर ते एप्रिल, जवळजवळ दिवसाआड सामना. बर्फावर एका वेळी ४५ सेकंद राहायचं, जीव तोडून पळायचं, बाकावर येऊन बसायचं, दीड मिनिटाने पुन्हा जायचं. आळीपाळीने उतरणाऱ्या तुकड्यांपैकी तिसऱ्या-चौथ्या तुकडीतला फॉरवर्ड संपूर्ण सामन्यात दहा-बारा मिनिटं खेळतो आणि त्यासाठी दिवसभर झोप, जेवण, व्यायाम सांभाळतो. सकाळी फोन येतो की तुला दुसऱ्या संघाला दिलं, आणि संध्याकाळी हजारभर किलोमीटरवर नवी जर्सी घालून उभं राहावं लागतं. बायको-मुलं मागून येतात. मी ज्यांना भेटलो त्यांच्यापैकी कुणी याबद्दल कुरकुर करत नव्हतं, पण कुणी सोपंही म्हटलं नाही.

भारतीय आडनावांची उदाहरणं तुम्ही दिली आहेत. रॉबिन बावा १९८९ मध्ये एनएचएलमध्ये खेळणारा भारतीय वंशाचा पहिला खेळाडू. मॅनी मल्होत्रा १९९८च्या ड्राफ्टमध्ये सातवा निवडला गेला, ९९१ सामने खेळला, २०११ मध्ये पक डोळ्याला लागूनही त्याच वर्षीच्या अंतिम मालिकेत परत आला. अर्शदीप बैन्सला तर ड्राफ्टमध्ये कुणीच निवडलं नाही, तरी २०२४च्या फेब्रुवारीत तो व्हँकुव्हरकडून उतरला. मला या तिघांचा फार अभिमान वाटतो. पण तिघेही कॅनडात वाढले. पाचव्या वर्षी त्यांच्या घरापासून दहा-पंधरा मिनिटांवर बर्फ होता.

तुम्हाला उपयोगी पडतील अशी उदाहरणं दुसरी दोन आहेत. ऑस्टन मॅथ्यूज वाढला अॅरिझोनात, वाळवंटात. आपल्या मे महिन्याइतकंच ऊन. २०१६ मध्ये तो ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेला आणि पदार्पणाच्या सामन्यात त्याने ४ गोल केले. म्हणजे नागपूरच्या ४५ अंशांना दोष देण्यात अर्थ नाही. अॅरिझोनात १९९६ पासून एनएचएलचा संघ होता, बंदिस्त रिंक होते, प्रशिक्षक होते. आपल्याकडे तापमान नडत नाही, रिंक नसणं नडतं. दुसरा नेथन वॉकर. सिडनीत वाढला, सहाव्या वर्षी खेळायला लागला आणि तेराव्या वर्षी, तुमच्या मुलाच्याच वयात, आई-वडिलांना सोडून चेक प्रजासत्ताकात गेला. सतराव्या वर्षी तिथल्या मोठ्यांच्या लीगमध्ये खेळला, २०१४ मध्ये ८९वा निवडला गेला, २०१७ मध्ये एनएचएलमध्ये उतरला. हे उदाहरण घेऊन तुम्ही उद्याच अकादमीचा अर्ज भराल, म्हणून सांगतो: सिडनीत बारमाही रिंक होता, आणि निघाला तेव्हा वॉकर सात वर्षं बर्फावर खेळलेला होता.

पैशाबद्दल अजून एक. आपल्याच शहरातल्या एका कुटुंबाने काही वर्षांपूर्वी "निवड चाचणी पक्की" म्हणणाऱ्या एका दलालाला मोठी रक्कम दिली. मुलगा तिथे पोचला तेव्हा कळलं की ते उन्हाळी शिबिर होतं, आणि फी भरणाऱ्या कुणालाही तिथे प्रवेश होता. ज्युनियर संघांना खेळाडू हवा असला की ते पैसे मागत नाहीत, उलट राहायला घर देतात. कॅनडाच्या तीन मोठ्या ज्युनियर लीगमध्ये खेळाडू स्थानिक कुटुंबांत राहतात, आणि खेळलेल्या हंगामांच्या बदल्यात कॉलेजच्या फीची सोय होते. मात्र परदेशी मुलांसाठी एका संघात मोजक्याच जागा असतात. तुमच्याकडून पैसे घेऊन "निवड" सांगणाऱ्यावर म्हणून विश्वास ठेवू नका.

आणि नागरिकत्वाचं गणित कुणी सांगत नाही. कुटुंब तिकडे स्थायिक झालं आणि मुलाने कॅनडाचा पासपोर्ट घेतला, तर तो भारताकडून खेळू शकणार नाही. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, आणि परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर भारतीय संघात जागा मिळत नाही. तुमचं पत्र वाचताना मला वाटलं की पोराला भारताची जर्सी हवी आहे की एनएचएलची, हे त्याला अजून कुणी विचारलेलंच नाही. विचारा. दोन्हींचे रस्ते वेगळे फुटतात.

भारताच्या जर्सीचा रस्ता कुठे जातो ते बघा. आपण १९८९ पासून आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाचे सदस्य आहोत. पुरुष संघ पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळला २००९ मध्ये, अबुधाबीला. खेळाचा प्राण लडाखमध्ये आहे. तिथल्या जुन्या खेळाडूंनी लष्करी बुटांना पाती ठोकून सुरुवात केली. लष्कर आणि आयटीबीपी (भारत-तिबेट सीमा पोलीस) यांचे संघ सगळ्यात तगडे, आणि आज भारतात या खेळावर पगार मिळतो तो मुख्यतः तिथेच. म्हणजे शिपायाची नोकरी आणि सोबत हॉकी. ती नोकरी मानाची आहे, पण तुमच्या मुलाच्या डोळ्यांसमोरचं चित्र ते नाही. अठराव्या वर्षानंतर तोही पर्याय त्याच्यापुढे ठेवा. २०२४ पासून खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांमधली आइस हॉकी लेहला होते आहे, त्यामुळे दिसण्याची संधी वाढली आहे.

आणि आपल्यासाठी सगळ्यात मोठी बातमी डेहराडूनची. २०११च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधलेला तिथला बंदिस्त रिंक कित्येक वर्षं बंद पडून होता. तो २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाला, ऑगस्टमध्ये तिथे शॉर्ट ट्रॅक स्पीड स्केटिंगची आशियाई स्पर्धाही झाली. पूर्ण मापाचा बर्फ, आणि तोही हिवाळ्यापुरता नाही. नागपूरहून रात्रीची गाडी धरून दिल्ली, पुढे डेहराडून. मी तुमच्या जागी असतो तर अकादमीचं माहितीपत्रक मिटून आधी तिथे फोन केला असता की हॉकीला वेळ कधी देता, शिबिर कधी आहे, बर्फ सध्या चालू आहे ना.

म्हणून पुढच्या बारा महिन्यांसाठी माझं म्हणणं असं. आपला सिमेंटचा रिंक सोडू नका, पहाटेचा सराव चालू ठेवा. घरी खाली पार्किंगमध्ये गुळगुळीत प्लास्टिकची शीट टाकून रोज शंभर शॉट. खरा पक घेऊन, भिंतीला जाड सतरंजी बांधून. सोसायटीत आधी विचारून घ्या. एका पायावरच्या बैठका आणि आडव्या उड्या आठवड्यातून तीनदा, अंबाझरीला पळणं दोनदा. उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि दिवाळीत डेहराडून, प्रत्येकी दहा दिवस, दिवसाला दोन सत्रं. डिसेंबरच्या शेवटी लेह. तिथे उंची ३,५०० मीटर, म्हणून पहिले दोन-तीन दिवस बर्फाकडे फिरकायचं नाही, नुसतं खायचं आणि झोपायचं. नैसर्गिक बर्फात धूळ-वाळू असते, धार लवकर बोथटते, तेव्हा धार लावायची सोय आधी विचारून जा. स्केट वाढत्या पायाचे म्हणून दोन नंबर मोठे घेऊ नका. पाऊल आत हललं की कड हातात राहत नाही. अंगावरचं बाकीचं सामान जुनं चालेल, हेल्मेट आणि मानेचं संरक्षक मात्र नवं घ्या. तीनशे डॉलरची स्टिक सध्या नको.

असं केलंत तर वर्षाअखेर ८० ते १०० तास बर्फ होईल, खर्च अकादमीच्या काही टक्क्यांत भागेल, आणि तुम्हाला तीन गोष्टी कळतील. तो दोन्ही बाजूंनी पूर्ण वेगात थांबतो का. अनोळखी मुलांमध्ये, थंडीत, तुम्ही जवळ नसताना तो सरावाला स्वतःहून उठतो का. आणि पहिली खरी धडक बसल्यावर पुढच्या वेळी बर्फावर उतरल्यावर तो फळीजवळ जातो की टाळतो. तिन्हींची उत्तरं चांगली आली, तर पंधराव्या वर्षी एका हंगामासाठी त्याला बाहेर पाठवण्याबद्दल मी स्वतः तुमच्यासोबत बसेन, अकादम्यांच्या प्रशिक्षकांशी बोलेन. त्यासाठी युरोपही बघू, तिथे क्लब संस्कृती आहे आणि खर्च बऱ्याचदा कमी येतो. एक लक्षात ठेवा, तो नोव्हेंबरचा आहे. हॉकीत वयोगट १ जानेवारीपासून धरतात, त्यामुळे त्याच्या गटातली जानेवारी-फेब्रुवारीची मुलं त्याच्याहून दहा महिन्यांनी मोठी, अंगाने भरलेली असतील. चौदाव्या वर्षी तो लहानखुरा दिसला म्हणून घाबरून निर्णय घेऊ नका.

एनएचएल? तेराव्या वर्षी चार तासांवरून सुरुवात करून, नाही. तुम्ही खरं मागितलंत म्हणून सांगतो. भारतीय संघ? हो, मेहनत टिकली तर शक्य आहे. बर्फावर पोटापाण्याचं काम, म्हणजे प्रशिक्षक, पंच, सामानाची देखभाल? तेही शक्य, आणि डेहराडूनसारखे रिंक चालू राहिले तर अशी माणसं लागणारच आहेत.

तुमच्या पत्रात एक ओळ सहज आली आहे, "धाकटी ९ वर्षांची, तीही भावाच्या मागे स्केटिंग करते." ती ओळ मी तीनदा वाचली. भारताचा महिला संघ २०१६ मध्ये पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला, २०१७ मध्ये फिलिपिन्सला ४-३ असं हरवून पहिला सामना जिंकला, आणि २०२५ मध्ये अमिरातीतल्या अल ऐनला झालेल्या आशिया कपमध्ये कांस्यपदक घेऊन आला. उत्तर अमेरिकेत महिलांची व्यावसायिक लीग, पीडब्ल्यूएचएल, जानेवारी २०२४ मध्ये सहा संघांनी सुरू झाली आणि दुसऱ्याच वर्षानंतर आठ संघांची झाली. तिच्याकडे भावापेक्षा चार वर्षं जास्त आहेत, आणि त्या वयात कडा फार पटकन पायात उतरतात. डेहराडूनची तिकिटं काढाल तेव्हा दोघांची काढा.

रविवारी सकाळी सहाला रिंकवर या. मुलाला थांबायचं दाखवतो, जेवढं चाकांवर दाखवता येतं तेवढं. धाकटीचे स्केट्स विसरू नका.